अचलपूरचं स्टेशन आणि आपली शकुंतला

तायांनो, दर्यापूर-अंजनगावची लेक अचलपुरात दिली असेल, तर तिच्या सासूला एकदा विचारा, माय, तू माहेरी कशानं जायची? बहुतेक एकच नाव ऐकू येईल, शकुंतला. मूर्तिजापूर ते अचलपूर अशी सुमारे 76 किलोमीटर धावणारी ही छोटी गाडी. आता ती बंद आहे आणि अचलपूरचं स्टेशन गाडीविना पडून आहे.

ही गाडी आपल्यासाठी आलीच नव्हती, ती आली कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस बायांनी वेचायचा, जिनिंगमध्ये सरकी काढून रुईच्या गाठी बांधायच्या आणि त्या मुंबईमार्गे विलायतेला, मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जायच्या. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं त्यासाठी 1910 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. अचलपूरचा फाटा 1913 सालचा. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी 113 किलोमीटरची दुसरी लाइनही याच कंपनीची. गंमत बघा, वाफेचं इंजिनही मँचेस्टरहूनच आलं! 1921 साली बनलेलं ते इंजिन 1994 पर्यंत गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं.

गाडी एवढीशी का? तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे नॅरोगेज. भुसावळ-नागपूर मोठ्या लाइनचं अंतर साडेपाच फूट. छोटा डबा त्या रुळांवर चढूच शकत नाही. म्हणून मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावी लागे. रूळ टाकायला स्वस्त, पण हा खटाटोप कायमचा.

आता खरी गोम ऐका. देशातल्या बाकी रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मात्र कंपनीचीच राहिली. गाडी चालवायची रेल्वेनं, मालकी कंपनीची आणि मोबदलाही कंपनीला. आपल्या गटात पिठाची गिरणी एकीची अन् दळणारी दुसरी असली की पट्टा तुटल्यावर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. इथंही खर्च कोणी करायचा, यात वर्षं गेली. रूळ जुने झाले, वेग ताशी वीसेक किलोमीटरवर आला. 76 किलोमीटरला चार-चार तास! माणसंही कमी झाली. शेवटी शेवटी तर गाडीतलेच कर्मचारी तिकिटं द्यायचे आणि तेच उतरून फाटक लावायचे.

तरी बाया याच गाडीनं जायच्या, कारण तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त होतं. भाजीची टोपली, डोक्यावरचं गाठोडं, कडेवरचं पोर, सगळं डब्यात मावायचं. हिशेबात तोट्याची दिसणारी गाडी टोपलीवालीच्या हिशेबात फायद्याची होती. पण तो हिशेब कुठल्याच वहीत लिहिला गेला नाही, आणि मला तरी सगळ्यात जास्त तेच खटकतं.

लाइन ब्रॉडगेज करा, ही मागणी जुनी आहे आणि अजून सुरूच आहे. म्हणून एक काम करू या. पुढच्या बैठकीत गटातल्या सगळ्यात वयस्क ताईला बोलतं करा. ती कुठल्या स्टेशनावर चढायची, काय विकायला न्यायची, तिकिटाला किती पैसे पडायचे, हे सचिव ताईनं इतिवृत्ताच्या वहीत मागच्या पानावर उतरवून ठेवावं. नाव आणि गावासकट.