खूण एक, माणसे अनेक

समजा, एका मोठ्या जत्रेत तुम्ही एकटेच गेला आहात. तुम्हाला गप्पा मारायच्या आहेत त्या पावसाळ्यात भिंतींवर उगवणाऱ्या मॉसविषयी. हजारो माणसांत अशी आवड असणारी चार-दोन तरी असणारच. पण ती ओळखायची कशी? ओरडून काही उपयोग नाही, सगळेच ओरडत आहेत.

2022 च्या अखेरीस आम्ही मॅस्टोडॉनवर लिहू लागलो तेव्हा नेमकी अशीच अवस्था झाली. मॅस्टोडॉन म्हणजे छोट्या नोंदी लिहिण्याची, 2016 मध्ये सुरू झालेली इंटरनेटवरील सोय. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीवरील मॉसची छायाचित्रे आम्ही तिथे टाकली, प्रश्न विचारले. आठवडाभर एकही उत्तर आले नाही. आपले लिखाण कोणालाच नको आहे, अशी आमची जवळजवळ खात्री झाली. चौथ्या नोंदीखाली मात्र आम्ही # हे चिन्ह काढून त्याला चिकटून मॉसचे नाव लिहिले. संध्याकाळपर्यंत दोन उत्तरे आली. एका निवृत्त शिक्षकांनी विचारले होते, “बीजाणुधानीचे जवळून छायाचित्र मिळेल का?” फरक पडला तो केवळ एका खुणेने. तिला म्हणतात हॅशटॅग.

ही खूण आली कुठून?

1988 मध्ये फिनलंडच्या यार्को ओइकारिनेन यांनी संगणकावरून गप्पा मारण्याची आयआरसी नावाची पद्धत तयार केली. तिच्यात गप्पांच्या दालनाच्या नावाआधी # लिहीत. 23 ऑगस्ट 2007 रोजी क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर (2023 पासून त्याचे नाव एक्स झाले) सुचवले, की गटांसाठी हेच चिन्ह वापरावे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगो भागात वणवे पेटले, तेव्हा बातम्या एकत्र मिळाव्यात म्हणून लोकांनी ही खूण वापरली. 2009 मध्ये ट्विटरने अशा शब्दांचे दुवे केले. शब्दावर बोट ठेवले, की तो शब्द असलेल्या साऱ्या नोंदी समोर! म्हणजे चाल आधी लोकांनी पाडली, यंत्रणेने ती नंतर स्वीकारली.

आत काय घडते?

पाठ्यपुस्तकाच्या शेवटी असणारी शब्दसूची आठवा. शब्दापुढे पानांचे क्रमांक असतात. संगणकही अशीच सूची ठेवतो. प्रत्येक खुणेपुढे ती खूण असलेल्या नोंदींचे क्रमांक असतात. ग्रंथालयात पुस्तक एकाच फळीवर ठेवता येते, पण नोंदीला तीन खुणा लावल्या तर ती एकाच वेळी तीन याद्यांत बसते.

मॅस्टोडॉनवर या खुणेला जास्तच महत्त्व आहे. तिथे एक मोठा संगणक नसून परस्परांशी जोडलेले हजारो स्वतंत्र संगणक, म्हणजे सर्व्हर, आहेत. तुमची नोंद दुसऱ्या सर्व्हरवर जाते ती मुख्यतः तिथले कोणी तुमचे अनुसरण करत असेल तर. नवख्याचे अनुसरण कोण करणार? म्हणून त्याची नोंद आपल्याच सर्व्हरवर पडून राहते. खुणेमुळे ती तिथल्या एखाद्या समानधर्म्याला दिसते. तो ती पुढे पाठवतो, मग ती त्याच्या बाहेरगावच्या मित्रांपर्यंत पोचते. स्वतःची ओळख करून देणारी पहिली नोंद ‘परिचय’ या अर्थाच्या इंग्रजी खुणेसह लिहिण्याची तिथे प्रथाच आहे. जुनी मंडळी ती यादी चाळतात आणि नवख्याचे स्वागत करतात.

खूण कोणती निवडावी?

येथे थोडे गणित करू. समजा, ‘विज्ञान’ या खुणेखाली दिवसाला 10,000 नोंदी येतात. दिवसाचे सेकंद 86,400. म्हणजे दर 8.64 सेकंदांना एक नवी नोंद. वाचणारा वरच्या 20 नोंदी पाहतो असे धरले, तर तुमची नोंद जेमतेम तीन मिनिटे त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहील. ‘मॉस’ या खुणेखाली दिवसाला 10 नोंदी येत असतील, तर ती दोन दिवस टिकेल. मग फक्त आपणच वापरू अशी खूण शोधावी का? तसेही नाही. ती यादी उघडायला कोणी येणारच नाही. फार गर्दीची नको, अगदी ओसाडही नको. आधी दोन-तीन खुणांच्या याद्या वाचाव्यात, तिथली माणसे काय बोलतात ते पाहावे, एखाद्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावे. खूण दार दाखवते, आत जाऊन बोलायचे काम आपलेच.

मराठीतली अडचण

संगणकाला खूण कुठे संपते हे कळावे लागते. मोकळी जागा आली, की खूण संपते. पण काही प्रणालींत ‘फक्त अक्षरे आणि अंक चालतील’ असा नियम असे. युनिकोडमध्ये आपल्या काना-मात्रा-वेलांट्या अक्षरांत मोडत नाहीत, त्या वेगळ्या गटात येतात. हा नियम ‘#मराठी’ला लावून पाहा. म आणि र ही अक्षरे, पुढचा काना मात्र अक्षर नाही. खूण तिथेच तुटते आणि उरते ‘#मर’! यंत्राचा हेतू वाईट नाही. नियम करणाऱ्याने आपली लिपी विचारात घेतली नव्हती, इतकेच.

दुसरी अडचण आपल्या व्याकरणाची. ‘शाळा’, ‘शाळेत’, ‘शाळेचे’ हे आपल्यासाठी एकाच शब्दाचे अवतार, पण संगणकासाठी तीन वेगळ्या याद्या. ऱ्हस्व-दीर्घ चुकले, तरी माणसे दुरावतात. म्हणून मराठीत लिहिणाऱ्यांनी खूण मूळ रूपात, प्रत्ययाविना आणि शुद्ध लिहिण्याचा संकेत पाळलेला बरा.

वर्गात करून पाहा

प्रत्येक मुलाला एक कार्ड द्या. नाव न लिहिता मागे हजेरीक्रमांक आणि पुढे आवडीच्या तीन गोष्टी # लावून लिहायला सांगा. कार्डे गोळा करून फळ्यावर सूची बनवा, शब्दापुढे क्रमांक लिहा. कोणत्या खुणेपुढे वीस क्रमांक आले, कोणत्या खुणेपुढे दोनच, ते पाहा. ‘पक्षी’ आणि ‘पक्षीनिरीक्षण’ लिहिणारी मुले वेगळी पडली का, हेही विचारा. आणि ज्या खुणेपुढे दोनच क्रमांक असतील, त्या दोघांना मधल्या सुट्टीत एकत्र बसू द्या. वर्षभर एकाच वर्गात असूनही त्यांना एकमेकांची ही आवड ठाऊक नसेल.