ग्रामसभा आणि गैरहजर नागरिक

सोलापूर जिल्ह्यांतील माढा तालुक्यांत मोडनिंब हें गांव आहे. पुणें-सोलापूर हमरस्ता या गांवावरून जातो आणि कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणारी आगगाडी येथें थांबते. बार्शी लाइट रेल्वेचा हा मार्ग १९०६ सालीं पंढरपुरास पोंचला. तेव्हां तो अरुंद होता, आतां रुंद झाला आहे. सडक आणि रूळ जेथें जवळ येतात, तेथें दुकानें, वाहनें व नवीं घरें ओघानेंच येतात. कारभार ग्रामपंचायतीचा, परंतु प्रश्न शहराचे, अशी या गांवांची स्थिति होते. गटार कोणत्या बाजूनें न्यावें, बाजाराचा कचरा कोठें टाकावा, शाळेच्या मुलांनीं रस्ता कोठें ओलांडावा, हें ठरवावयाचें कोणीं? याचें उत्तर कायद्यानें दिलेलें आहे. पुष्कळांस तें ठाऊक नसतें.

ग्रामपंचायत आणि ग्रामसभा या दोन निरनिराळ्या संस्था होत. पंचायत म्हणजे निवडून आलेले सदस्य. ग्रामसभा म्हणजे गांवच्या मतदारयादींत नांव असलेला प्रत्येक स्त्रीपुरुष. ग्रामसभेस १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमांत स्थान आहे, आणि १९९३ सालीं अंमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें तिला संविधानाचाही आधार दिला. महाराष्ट्रांत वर्षांतून निदान चार ग्रामसभा भरवाव्या लागतात. मागील जमाखर्च व पुढील कामांचा आराखडा सभेपुढें ठेवावा लागतो. सरकारी योजनांचे लाभार्थीही सभेनेंच निवडावयाचे असतात. स्त्रियांस मोकळेपणीं बोलतां यावें म्हणून मुख्य सभेपूर्वीं त्यांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे.

एवढा अधिकार हातीं असून तो निसटतो कसा? एकंदर मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १००, यांपैकीं जी संख्या कमी असेल, तितकीं माणसें हजर असलीं कीं सभेची गणपूर्ति होते. तेवढीं न जमल्यास सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हां भरली म्हणजे तिला गणपूर्तीची अट उरत नाहीं. खरी मेख येथेंच आहे. त्या सभेंत दहाबारा मंडळींनीं माना डोलावल्या, तरी तो ठराव साऱ्या गांवाचा ठरतो. घरीं बसलेल्यानें विरोध केला असें होत नाहीं. त्यानें आपला अधिकार हजर असलेल्यांच्या हवालीं केलेला असतो.

तांत्रिक गोष्टी सामान्य माणसास काय कळणार, अशी शंका कोणी घेईल. अभियंत्यास मोजमाप कळतें हें खरें. परंतु पावसाळ्यांत पाणी कोणत्या उंबऱ्यापर्यंत चढतें, हें त्या घरची गृहिणीच सांगूं शकते. तें काम सुरू होण्यापूर्वीं सांगितलें तर नुसता कागद बदलावा लागतो; गटार बांधून झाल्यावर सांगितलें तर खणलेलें पुन्हां खणावें लागतें, आणि तो पैसाही गांवाचाच असतो.

शहरवासीयांनीं हा प्रश्न खेड्यांचा म्हणून सोडून देऊं नये. शहरांत हाच अधिकार निराळ्या वाटेनें येतो. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून ठराविक मुदतींत हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा २०१५ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां नागरिकांनीं नकाशे बारकाईनें तपासून हजारों हरकती नोंदविल्या. मसुद्यांतील चुका इतक्या उघड झाल्या कीं सरकारनें त्याच वर्षीं तो नव्यानें तयार करण्याचा आदेश दिला. मंजुरी मिळाली ती २०१८ सालीं. पुणें महानगरपालिकेनें २००६ पासून नागरिकांकडून अर्ज मागवून त्यांनीं सुचविलेलीं लहान कामें अंदाजपत्रकांत घेण्याची पद्धति सुरू केली.

या साऱ्यांत नागरिकास करावें लागतें तें फार अवघड नाहीं. सूचनाफलक वाचावा, सभेची तारीख लक्षांत ठेवावी, आपला प्रश्न लेखी द्यावा, आणि झालेला ठराव इतिवृत्तांत जसाच्या तसा उतरला आहे कीं नाहीं तें पाहावें. शेजारच्या दोन घरांसही बरोबर न्यावें. शंभर माणसें जमवावयाचीं तीं अशींच जमतात.