व्हिडिओ कॉलवरचा पडदा आणि हातातले उसाचे पान



गेल्या पावसाळ्यात आपल्या एका सभासदाने बांधावर उभे राहून गट कार्यालयातल्या शेतकी मदतनीसाला व्हिडिओ कॉल लावला. उसाची पाने पिवळी पडू लागली होती. औषध मारायचे की खत टाकायचे, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. त्यांनी एक पान तोडून तोंडासमोर धरले. इकडून मदतनीस म्हणतो, "आबा, पान कुठाय? नुसता हातच दिसतोय." आबा म्हणतात, "अरे, हातातच तर धरलंय की!" आणि आबांच्या पाठीमागे पाहावे तर ऊस नाही, बांध नाही, निळा समुद्र आणि माडाची झाडे. नातवाने आदल्या रात्री मावशीशी बोलताना गमतीने तो देखावा लावला होता, तो तसाच राहिला. पान त्या समुद्रात बुडाले होते.

कार्यालयात त्या दिवशी हसाहशी झाली, पण पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही. आबांनी फोन ठेवला, बाजारातून कीटकनाशक आणले आणि फवारून मोकळे झाले. मदतनीस तिसऱ्या दिवशी शेतावर गेला तेव्हा तो केवडा निघाला, म्हणजे लोहाची कमतरता. औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली आणि रोग होता तिथेच राहिला. पान वेळेवर दिसले असते तर हिराकशीच्या फवारणीवर काम भागले असते. म्हणून ही काय भानगड आहे ते थोडे समजावून सांगावयाचे ठरविले.

ह्या सोयीला 'बॅकग्राउंड इफेक्ट' असे नाव आहे. बोलणाऱ्या माणसाच्या पाठीमागे जे काही असेल ते एकतर धूसर करायचे किंवा पार पुसून तिथे दुसरेच चित्र बसवायचे. जुन्या सभासदांना जत्रेतले फोटोवाले आठवतील. तंबूत ताजमहाल रंगवलेला पडदा टांगलेला असायचा, पुढे बाकडे टाकलेले, त्यावर नवरा-बायको ताठ बसायची आणि फोटोत आग्रा यायचे. फरक एवढाच की तिथे पडदा खरोखरीचा होता आणि माणसे त्याच्या पुढे होती. फोनमध्ये पडदा नसतोच. फोन तुमच्या चित्राची कात्रीने कापावी तशी कापणी करतो आणि तुम्हाला उचलून दुसऱ्या चित्रावर चिकटवतो. मिनिटाला एकदा नव्हे बरं का, सेकंदाला पंचवीस-तीस वेळा.

सिनेमावाल्यांना ही युक्ती जुनीच आहे. १९४० सालच्या 'द थीफ ऑफ बगदाद' ह्या इंग्रजी चित्रपटात निळ्या पडद्यापुढे चित्रण करून तो निळा रंग मागाहून काढून टाकला होता. दूरदर्शनवर हवामान सांगणारे पुढे हिरव्या पडद्यासमोर उभे राहू लागले. हिरवाच का? तर माणसाच्या कातडीत तो रंग फारसा नसतो आणि आजच्या कॅमेऱ्यातल्या बहुतेक काचांवर दर चार ठिपक्यांमागे दोन ठिपके हिरवा रंग टिपणारे असतात, त्यामुळे तो रंग स्वच्छ ओळखू येतो. झूमसारख्या ॲपमध्ये अजूनही 'माझ्यामागे हिरवा पडदा आहे' असे सांगायची सोय आहे. ती चुकून चालू राहिली तर हिरव्या रंगाचे जे दिसेल ते गायब. आपल्या धंद्यात हिरव्याशिवाय दुसरे आहे काय?

पण बांधावर काही कोणी हिरवे कापड टांगत नाही. तिथे फोन ठोकताळ्यावर चालतो. हा ठोकताळा त्याला माणसांची असंख्य चित्रे दाखवून शिकवलेला असतो: हे डोके, हा खांदा, हा हात, आणि ही मागची भिंत. त्यावरून तो चित्रातल्या एकेका ठिपक्याला विचारतो, "तू माणूस का?" होय म्हटले की ठेवतो, नाही म्हटले की पुसतो. पानाला विचारले तर पान खरेच सांगणार, मी माणूस नव्हे. आबांचा हात राहिला आणि पान गेले, ते ह्यामुळे. फोनचे चुकले नाही. त्याला शिकवलेच तेवढे.

दुसरे एक कारण बारकाव्याचे आहे. एवढे काम सेकंदात पंचवीस वेळा करायचे म्हणजे फोन तापतो. म्हणून कापणीपुरते चित्र लहान करून घेतात. गूगलने आपल्या मीटची पद्धत २०२० साली जाहीर केली, तीत ही कापणी २५६ बाय १४४ ठिपक्यांच्या छोट्या चित्रावर होते असे सांगितले आहे. एरवी चांगले व्हिडिओ चित्र १२८० बाय ७२० ठिपक्यांचे असते. हिशेब केला तर पंचवीस ठिपक्यांचा एक ठिपका होतो. मागाहून कडा घासूनपुसून नीट करतात, पण मुळात जे हरवले ते हरवलेच. म्हणून सुटे केस कापले जातात, फेट्याचा तुरा जातो-येतो आणि चहाची कपबशी अर्धी दिसते. मग बोटभर रुंदीचे उसाचे पान कुठून टिकणार?

आता ही सोय वाईटच आहे असे मात्र कोणी समजू नये. २०२१ साली कोरोनामुळे राज्यातल्या अनेक साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा ऑनलाइन झाल्या, हे आपणा सर्वांना आठवत असेल. पुष्कळ घरांत एकच खोली. सभासद भगिनींपैकी कितीतरी जणी कॅमेरा बंद ठेवून बसतात, कारण मागे चूल, वाळत घातलेले कपडे, आजारी सासूबाई. आपल्या घरात लाज वाटण्यासारखे काही नाही, हे खरेच. पण कोणाला काय दाखवायचे ते घरच्या माणसाने ठरवायचे, कॅमेऱ्याने नव्हे. पाठीमागचे धूसर केले की बाई निर्धास्त बोलू शकते, प्रश्न विचारू शकते. देखाव्यापेक्षा हे धूसर करणेच बरे. कडा फाटल्या तरी डोळ्यात येत नाहीत. मात्र पूर्ण भरवसा ठेवू नये. जोराने हललात की क्षणभर मागचे दिसून जाते. बँकेचे पासबुक किंवा पिनचा आकडा लिहिलेला कागद मागे असेल तर तो आधी उचलून ठेवावा, धूसरपणावर सोपवू नये.

काही उत्साही मंडळी मागे कारखान्याच्या प्रवेशद्वाराचा फोटो लावतात आणि स्वतःला पाटीवरची अक्षरे उलटी दिसली म्हणून घाबरतात. आपल्याला आपले चित्र आरशासारखे दाखवलेले असते. समोरच्याला अक्षरे सुलटच दिसतात.

आता जरा गंभीर गोष्ट. आपण जसा समुद्र लावू शकतो, तसा दुसरा कोणीही पोलीस ठाणे लावू शकतो. अंगात खाकी, मागे अशोकस्तंभाचे चिन्ह, टेबलावर फाईली, आणि म्हणायचे, "तुमच्या आधार कार्डावर गुन्हा दाखल आहे, फोन बंद केलात तर अटक करू." ह्याला 'डिजिटल अरेस्ट' असे नाव पडले आहे. २०२४ साली लुधियानाच्या एका मोठ्या कारखानदारास खोटी कोर्टाची सुनावणी व्हिडिओवर दाखवून ७ कोटी रुपयांस फसविले. शिकलेला, वकिलांचा राबता असलेला माणूस तो! त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितले की असली अटक कायद्यात नाहीच. पोलीस किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करीत नाही आणि पैसेही मागत नाही. कोणी म्हणेल, त्याला चेहऱ्यासमोर हात हलवायला सांगा, कडा फाटल्या की खोटे उघडे पडेल. पडेलही. पण कडा फाटल्या नाहीत म्हणून तो खरा ठरत नाही. खोटे कार्यालय पुठ्ठा-रंगाने उभे करणे काही अवघड नाही. म्हणून पारख करीत बसूच नये. फोन बंद करावा, घरात सांगावे, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. उसाचे बिल खात्यावर जमा झालेल्या दिवसांत तर विशेष जपावे.

आता परत पानाकडे येऊ. व्हॉट्सॲपमध्ये ह्या सोयी २०२४ च्या ऑक्टोबरात आल्या, म्हणून हा घोळ अलीकडे घरोघर पोचला. काही ॲप शेवटची निवड लक्षात ठेवतात. पोरांनी काल जे लावले ते आज तुमच्या गळ्यात. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये २०२१ च्या फेब्रुवारीत एक वकील न्यायाधीशांपुढे ऑनलाइन हजर झाले ते मांजराच्या पिल्लाच्या रूपात, आणि आपण मांजर नाही हे त्यांना तोंडाने सांगावे लागले! वकिलांचे हे हाल, तिथे आबांना काय बोल लावायचा?

तेव्हा ऊस दाखवण्याआधी पडद्यावरचे 'इफेक्ट्स'चे चिन्ह दाबावे आणि पाठीमागचा देखावा, फिल्टर, उजेड वाढवण्याची सोय, जे काही लागले असेल ते सगळे काढून टाकावे. फिल्टर काढणे फार महत्त्वाचे, कारण पिवळ्या-पिवळ्यात फरक असतो. केवड्यात कोवळी पाने आधी पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात आणि मधली जागा पिवळी होऊन पानभर लांब रेघा दिसतात. नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी फिकट होतात, आणि सबंध पान फिकटते. तांबेऱ्याचे बारीक तांबूस ठिपके पानाच्या खालच्या बाजूला पाहावे लागतात. फिल्टरने रंग बदलला की हे सगळे सारखेच दिसू लागते आणि मग समोरचा माणूस कितीही जाणता असला तरी अंदाजानेच बोलणार.

तोंडासमोर पान धरण्यापेक्षा फोनचा मागचा कॅमेरा लावावा. पण तिथेही देखावा चालू राहिला तर चित्रात माणूसच नसल्याने सगळाच ऊस पुसला जाण्याचा संभव असतो, हे ध्यानात ठेवावे. पान उन्हाकडे पाठ करून आपल्या सावलीत धरावे, खालची-वरची दोन्ही बाजू दाखवावी, एक कोवळे आणि एक जुने अशी दोन पाने दाखवावीत. बांधावर रेंज नसेल तर कॉलचा हट्ट न धरता साधे फोटो काढून घरी आल्यावर पाठवावेत. फोटोत बारकावा जास्त उतरतो. सोबत जात, लागणीची तारीख आणि जमीन चुनखडीची आहे किंवा कसे, एवढे लिहावे. आबांनी परवा असेच चार फोटो पाठविले. शेजारच्या तुकड्यातही केवडा सुरू झाला होता, आणि ह्या खेपेस हिराकस त्याच आठवड्यात पडली.