चौकीवरचा खोळंबा

आमच्या वाचनालयाने दर सेकंदास 200 मेगाबिटांची इंटरनेट जोडणी घेतली. हाती मात्र 94 च पडू लागले. (येथे एक खुलासा करून ठेवतो. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हा 200 मेगाबिट म्हणजे 25 मेगाबाइट. पुष्कळ तक्रारी या भागाकारातच विरून जातात. आमची विरली नाही.) कार्यवाहांनी सारा दोष फायरवॉलच्या माथी मारला आणि ती काढून टाकण्याचा ठराव मांडला. सभासदांची सारी नोंद तिच्याच आडोशास होती, याचा त्यांना विसर पडला.

ही फायरवॉल म्हणजे तरी काय? एक जुना संगणक; त्यास दोन नेटवर्क कार्डे, एक बाहेरच्या जगाकडे तोंड केलेले, दुसरे घराकडे. येणारेजाणारे प्रत्येक पॅकेट नियमांशी ताडून मगच पुढे सोडायचे. चौकीवरचा पहारेकरीच म्हणा ना! रांग लागली की लोक त्यालाच बोल लावणार. पण रस्ताच अरुंद असेल तर?

प्रथम एक संगणक थेट बाहेरच्या जोडणीस लावला. दोनच मिनिटे, कारण तेवढा वेळ तो उघड्यावर असतो. गती पुरती मिळाली. म्हणजे खोट घरातच. मग पहारेकऱ्याचा प्रोसेसर पाहिला. येथे फसगत होते. चार गाभ्यांपैकी एकच पुरता दमला असला तरी सरासरी 25 टक्केच दिसते. म्हणून प्रत्येक गाभा निरनिराळा पाहावा. आमचे चारही निवांत होते.

राहता राहिला तो 94 चा आकडा, आणि त्यानेच चोर पकडून दिला. 100 मेगाबिटांच्या केबलवरून पॅकेटांच्या वेष्टनांचा खर्च वजा जाता साधारण तेवढेच उरतात! केबलीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या. हजार मेगाबिटांस चारही लागतात, शंभरास दोन पुरतात. एखादी तार तुटली की बरीच कार्डे मुकाट्याने शंभरावर उतरतात. दिवा आपला लुकलुकतच राहतो.

कोणी सुधारणा म्हणून एकाच टोकाची गती हाताने पक्की करतो, तो घोटाळा याहून वाईट. दुसरे टोक आपोआप ठरवणारे असले तर ते ‘एका वेळी एकानेच बोलावे’ या रीतीवर येते. निरोप जातात, मोठ्या फाइली मात्र रखडतात. आमच्याकडे तसे नव्हते.

फायरवॉलपासून स्विचपर्यंतची केबल कपाटाच्या दाराखाली चेंगरली होती. नवी घातली, आकडा 190 च्या पुढे गेला. कार्यवाहांनी ठराव मागे घेतला, पण इतिवृत्तात तो अजून आहे.