निदान एक बाटली तरी लावा

घरी जाऊन शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या सिस्टरांबरोबर फिरलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. रुग्णाचं खाणं सुटलेलं असतं, पाणीही चमच्याने कसंबसं जात असतं, आणि उशाशी बसलेलं कोणीतरी म्हणतं, "सिस्टर, निदान एक बाटली तरी लावा."

बाटली म्हणजे सलाईन. थकवा आला की गल्लीतल्या दवाखान्यात आडवं पडून एक बाटली चढवून यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. डॉक्टरांनीच लावलेली, आणि त्यात त्यांची कमाईही झालेली. बाटलीत असतं काय? नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलिलिटरमध्ये ४.५ ग्रॅम मीठ, बाकी पाणी. पाच टक्के ग्लुकोजची तेवढीच बाटली घेतली तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाचेक चमचे. एवढ्यावर अंगात ताकद येत असती तर काय हवं होतं!

लालबागच्या एका चाळीत हीच मागणी सुनेने केली. सासूबाईंना पोटाचा कर्करोग, केमो थांबवून बरेच दिवस झालेले. खिडकीच्या गजाला सुतळीचा फास आधीच बांधून ठेवला होता, बाटली टांगायला. सिस्टरांनी तो पाहिला, पण हो-नाही काहीच म्हटलं नाही. पलंगाच्या कडेला टेकून त्यांनी आजींच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खड्डा पडला, आणि बराच वेळ तसाच राहिला. मग त्यांनी सुनेला दुसऱ्या पायावर तसंच करायला लावलं.

"ताई, पाणी अंगात आहे बघा. पण जिथे हवं तिथे राहत नाहीये."

आजार असा हाताबाहेर गेला की रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उतरतं आणि पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही. ते पायांत उतरतं, पोटात साठतं, छातीत भरतं. वरून आणखी ओतलं तर त्यातलं पुष्कळसं याच वाटेने जायचं, आणि सूज, दम वाढायचा.

यावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत ह्यूस्टनचे डॉक्टर एदुआर्दो ब्रुएरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली तो प्रसिद्ध केला. हॉस्पिसच्या, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेच्या देखरेखीखाली असलेले, शरीरातलं पाणी थोडंफार कमी झालेले कर्करोगाचे १२९ रुग्ण त्यांनी घेतले. निम्म्यांना रोज एक लिटर सलाईन, उरलेल्यांना जेमतेम १०० मिलिलिटर, दोन्ही कातडीखाली बारीक सुई घालून. कोणाला किती मिळतंय हे रुग्णांना माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी थकवा, गुंगी, भास आणि स्नायूंचे झटके तपासले, तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. जास्त सलाईन मिळालेले जास्त जगले, असंही दिसलं नाही.

याच मंडळींनी रुग्णांशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलूनही पाहिलं होतं. सलाईन म्हणजे तुमच्या दृष्टीने काय? उत्तरं दोन प्रकारची आली : आशा, आणि आराम. मला हा भाग आकड्यांहून मोलाचा वाटतो. लालबागची सून काही मीठ-पाण्याचा हिशेब करत नव्हती. आईंना मी उपाशी, तहानलेलं ठेवलं, असं उद्या नातेवाईक म्हणतील आणि आपल्यालाही तसंच वाटत राहील, ही तिची धास्ती होती. तिला अभ्यासाचे निष्कर्ष वाचून दाखवून काय होणार?

सिस्टरांनी बॅटरी घेतली आणि आजींचं तोंड उघडून सुनेला आत बघायला सांगितलं. जीभ वाळून तडकलेली, गालांच्या आतून पांढरट थर. श्वास तोंडावाटे चाललेला, त्यात तोंड कोरडं पाडणारी औषधं. हा कोरडेपणा बाटलीने जात नाही. तिथेच, हाताने घालवावा लागतो. कवळी काढून वाटीत ठेवली. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा. बोटाला गॉजची पट्टी गुंडाळायची, भिजवायची, घट्ट पिळायची, नाहीतर पाणी घशात उतरून ठसका लागतो. आधी गाल, मग हिरड्या, जीभ सगळ्यात शेवटी, मागून पुढे. थर खरवडायचा नाही. ती बुरशी आहे, तिला माउथ पेंट लावायचा. ओठांना साजूक तूप. "दर दोन तासांनी. जमेल ना?" सुनेने पट्टी हातात घेतली. पहिल्यांदा बोट भीतभीत आत गेलं. दुसऱ्यांदा आजींनी ती पट्टी चोखली, तशी ती एकदम सिस्टरांकडे बघायला लागली.

सलाईन कधीच नको, असं मात्र नाही. उलट्या-जुलाबांनी पाणी गेलं असेल, रक्तातलं कॅल्शियम चढून माणूस बरळत असेल, तर बाटलीने फरक पडतो, आणि अशा वेळी डॉक्टर ती लावतात. सिस्टरांच्या पिशवीत कातडीखाली घालायची फुलपाखरू सुई असतेच.

निघण्याआधी त्यांनी घरघरीचा विषय काढला. तो आधीच काढावा लागतो, कारण आवाज सुरू झाला की घरातले लोक गुदमरले-गुदमरले म्हणून धाव घेतात. गिळता न आलेली लाळ आणि कफ घशात साचून श्वासासरशी वाजतात. आवाज होत असतो तेव्हा रुग्ण सहसा शुद्धीवर नसतो. कुशीवर वळवायचं, डोकं जरा उंच करायचं. नेदरलँड्समधल्या हॉस्पिसांत १५७ रुग्णांवर झालेला, २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे : आवाज सुरू होण्याआधीच ब्युटिलस्कोपोलामाइनची इंजेक्शनं सुरू केली तर १३ टक्के रुग्णांना घरघर लागली, नुसतं सलाईन टोचलेल्यांपैकी २७ टक्क्यांना. आपल्याकडे हेच औषध पोटातल्या कळांसाठी बस्कोपॅन म्हणून मिळतं. एरवी ते घरघर लागल्यावर दिलं जातं. आधीच दिलं तर उपयोग होतो, हे या अभ्यासामुळे कळलं. पण त्यानेही तोंड कोरडं पडतंच, तेव्हा गॉजची वाटी काही हलवायची नाही.

सून सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "माझं ठीक आहे हो. उद्या चिपळूणहून यांचे मामा येतायत. ते आल्या आल्या बाटलीचंच विचारणार."

"मामा आले की मला फोन लावून द्या," सिस्टर चपला घालत म्हणाल्या. "आणि आधी पायावर अंगठा दाबायला लावा त्यांना."