तुम्ही कुठे बसला होतात?

आमच्या त्रैमासिकाकडे आलेला लेख आधी माझ्या हाती पडतो. संगीत, नाटक, लोककला, थोडा सिनेमा एवढा आमचा प्रांत. पगारी माणूस एकही नाही. संपादक दिवसा कॉलेजात शिकवतात आणि मी बँकेतून निवृत्त झाल्यावर हे काम हौसेनं अंगावर घेतलं. अंकाची बहुतेक पानं बाहेरून आलेल्या मजकुरावर भरतात, म्हणजे अनोळखी लेखकाची गरज आम्हालाच जास्त. तरीही आलेल्यातलं बरंचसं पहिल्या परिच्छेदानंतर बाजूला जातं. मराठी वाईट असतं म्हणून जातं असं फार क्वचित होतं. बहुतेकांचं मराठी चांगलं सफाईदार असतं. ‘मैफल उत्तरोत्तर रंगत गेली’, ‘रसिक मंत्रमुग्ध झाले’, ‘तबल्यावर तितकीच समर्थ साथ लाभली’. ही वाक्यं लिहायला सभागृहात जावंच लागत नाही, निमंत्रणपत्रिका पुरते.

अशा लेखकाला मी उलट एकच गोष्ट विचारते: तुम्ही कुठे बसला होतात? काहींना राग येतो. एका गृहस्थांनी ‘दुसऱ्या रांगेत, सोफ्यावर’ असं तुटक उत्तर धाडलं. पण मी अगदी शब्दशः विचारत असते. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भरतो आहे. तिथे भारतीय बैठकीवर पुढे मांडी घालून ऐकलेलं गाणं, मागे खुर्चीत बसून मोठ्या पडद्यावर पाहिलेलं गाणं आणि खाण्याच्या स्टॉलपाशी उभं असताना कानावर आलेलं गाणं, हे तीन वेगळे लेख आहेत. आमच्याकडे येतो तो चौथाच, कुठेच न बसलेल्या माणसाचा.

मध्यंतरी एका मुलीचा लेख आला. ती आपल्या गुरूंच्या मागे तंबोऱ्यावर बसली होती. तिला गुरूंचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होती ती पाठ, श्वास घेताना उचलले जाणारे खांदे आणि तबलजींकडे लय किंचित वाढवण्यासाठी गेलेली बोटाची खूण. दिव्यांच्या उष्णतेनं तंबोऱ्याची एक तार उतरली. ती न थांबता, कुणाच्या लक्षात न येता, मणी सरकवून पुन्हा सुरात कशी आणायची याचीच तिला धास्ती. रागाबद्दल तिनं जेमतेम दोन वाक्यं लिहिली होती. लेख जवळजवळ जसाच्या तसा छापला. हार्मोनियमवाल्यांचं नाव मात्र तीही विसरली होती, ते आम्ही शोधून घातलं. साथीदारांची नावं गाळणं हा मराठी परीक्षणाचा जुना रोग आहे.

आमच्याकडची चांगली संगीतविषयक लेखणी नेहमीच अशा कुठल्या तरी जागेवरून चालली आहे. गोविंदराव टेंबे स्वतः हार्मोनियम घेऊन थोरामोठ्यांच्या शेजारी बसलेले, शिवाय ‘मानापमान’च्या पदांना चाली देणारे. ‘घरंदाज गायकी’ लिहिणारे वामनराव देशपांडे पेशानं चार्टर्ड अकाउंटंट होते, पण गाणं गुरूसमोर बसून शिकले होते. त्यांचा हिशोबीपणा त्या पुस्तकात मला जागोजागी दिसतो आणि तो मला आवडतो. संगीतावर लिहायला पदवी लागत नाही हे सांगताना मी त्यांचंच नाव पुढे करते.

तरुण मुलं मात्र मला लेस्टर बँग्जचं उदाहरण देतात. ते खरंच मासलेवाईक आहे. ‘रोलिंग स्टोन’ हे नियतकालिक १९६७ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत साडेसात हजार डॉलरच्या उसनवारीवर सुरू झालं. त्यांच्याकडेही माणसं नव्हतीच, म्हणून त्यांनी वाचकांनाच परीक्षणं पाठवायचं आवाहन केलं. कॅलिफोर्नियातल्या एल कॅहोन गावचा, चपलांच्या दुकानात काम करणारा विशीतला बँग्ज. त्यानं ‘एमसी५’ या वाद्यवृंदाच्या, सगळीकडे गाजावाजा झालेल्या पहिल्या रेकॉर्डची सालटी काढली आणि छापणार नसाल तर कारण कळवा, अशी चिठ्ठी जोडली. १९६९ च्या एप्रिलमध्ये ते परीक्षण छापून आलं. पुढे तो डेट्रॉइटच्या ‘क्रीम’मध्ये जाऊन फुलला आणि ‘रोलिंग स्टोन’नं, वादकांचा मान ठेवत नाही म्हणून, त्याला बाहेर काढलं. यातून मुलं तेवढी चिठ्ठीच उचलतात! मला उद्धट पत्रं येतात आणि सोबतचा लेख असतो कुठल्याशा गायिकेच्या अमृतमहोत्सवाचा. बँग्जनं रेकॉर्ड विकत आणून, घरी लावून ऐकली होती आणि जाहिरातीत वाचलं ते तिच्यात सापडेना म्हणून तो भडकला होता. त्याचं बसायचं ठिकाण ते: स्वतःच्या पैशानं आणलेल्या रेकॉर्डसमोर.

आता पाठवायचं कसं, ते सांगते. आधी पूर्ण लेख पाठवू नका, प्रस्ताव पाठवा. मिरजेच्या एका तरुणानं सुरुवातीला ‘भारतीय तंतुवाद्यांचा इतिहास’ असा लांबलचक लेख पाठवला होता. वेदकाळापासून सुरुवात, अर्थातच. मी त्याला पुन्हा तेच विचारलं. आठवड्यानं सहा ओळी आल्या. तो म्हणाला, आमच्या घराजवळ तंबोरे बनवणाऱ्यांच्या कार्यशाळा आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बातम्या आल्या, कारागिरांचे फोटो छापले. पण तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरकडून येतो, आणि तो पिकवणाऱ्या शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही. मी एका शेतकऱ्याला भेटलो आहे, पुन्हा जाणार आहे. भोपळा वेलीवर असतानाच त्याचा आकार कसा सांभाळतात, तो वाळवतात किती दिवस, फुटला तर नुकसान कुणाचं, हे लिहीन. दीड हजार शब्द, फोटो माझेच.

प्रस्ताव म्हणतात तो याला. काय आहे, ते आत्ताच का, तुम्हीच का, किती शब्द, केव्हा देणार. आपली ओळख दोन ओळींत बास. मिळालेले पुरस्कार नाही लिहिलेत तरी चालतं. मात्र ज्या माणसाबद्दल लिहिणार त्याच्याशी तुमचं नातं असेल, तो तुमचा गुरू, मामा किंवा क्लासचा मालक असेल, तर ते आधीच सांगा. आम्हाला ते कळतंच, फक्त उशिरा.

विषय कुठून आणायचा, असं शिबिरांत विचारतात. ‘अमर अकबर अँथनी’मधलं अँथनी गोन्साल्विस हे नाव १९७७ पासून सगळ्या देशाच्या तोंडी आहे. ते गोव्यातल्या माजोर्ड्याच्या एका खऱ्या व्हायोलिनवादकाचं नाव आहे. मुंबईच्या स्टुडिओंत त्यांनी हिंदी गाण्यांची अरेंजमेंट केली, लक्ष्मीकांत-प्यारेलालपैकी प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले आणि १९५८ साली त्यांनी भारतीय राग नि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणण्याचा मोठा घाट घातला. नरेश फर्नांडिस यांनी त्यांच्यावर ‘सेमिनार’ या दिल्लीच्या मासिकात लेख लिहिला. मुंबईच्या जॅझवरचं त्यांचं पुस्तक, ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’, नंतर आलं. विषय आधी कित्येक वर्षं रेडिओवर रोज वाजत होता. तुमच्या गावातही असा असतो. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला पावसाळ्यात काय करतो? बेंजो पार्टीतला कीबोर्ड कुणाच्या कर्जातून आला? भीमजयंतीच्या गाण्यांचे कवी कोण आणि त्यांना कॅसेट कंपनीनं काय दिलं? हे मला कधीपासून वाचायचं आहे.

मुलाखत घ्याल तर ध्वनिमुद्रण करा आणि ते जपून ठेवा. माणूस कोल्हापुरी बोलत असेल तर कोल्हापुरीच ठेवा, त्याच्या तोंडी पुणेरी घालू नका. गाण्याच्या ओळी समीक्षेपुरत्या थोड्या उद्धृत करता येतात. अख्खं गाणं छापायला परवानगी लागते, कारण आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. इंटरनेटवरून उचललेले फोटो नकोत.

पैशाबद्दल बोलायला मराठी लेखक लाजतो, आणि नियतकालिकं त्या लाजेवर चालतात. आमचं मानधन तुटपुंजं आहे, पण ते प्रस्ताव स्वीकारतानाच्या पत्रात आकड्यानिशी लिहिलेलं असतं. इतरांनाही हाच आकडा आधी विचारा. ‘अंकाच्या दोन प्रती पाठवू’ हे उत्तर आलं तर कागदाचा भाव त्यांना परवडतो आणि तुमचा नाही, एवढं समजून निर्णय घ्या. काही वेळा अशा ठिकाणीही लिहावं, मीही लिहिते. हक्कांचं मात्र नीट बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक तो स्वतःच. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं वाक्य समोर आलं की पेन खाली ठेवा. उद्या पुस्तक तुम्हालाच करायचं असतं.

वेळेचंही एक गणित आहे. दिवाळी अंकासाठी गणपतीत प्रस्ताव पाठवणारा एक वर्ष लवकर आलेला असतो. पानं तोवर ठरलेली असतात, मे-जूनमध्ये लिहा. उत्तराची महिनाभर वाट पाहा, मग एका ओळीची आठवण करा. तरी शांतता असेल तर ‘हा लेख आता दुसरीकडे देतो आहे’ एवढं कळवून खुशाल द्या, त्यात अपमान कुणाचाच नाही. फक्त एकाच वेळी दोन अंकांना न सांगता पाठवू नका. एका लेखकानं ते केलं आणि दोन्हीकडे लेख लागला. पकडलं कुणी, तर आमच्या प्रूफं वाचणाऱ्या काकांनी. त्या दुसऱ्या अंकाची प्रूफंही तेच वाचतात.