गागाकू : पत्तीचा एक दूरचा सूर
(द्वितीय वर्ष कला)

इतिहासाच्या तासाला सरांनी जाता जाता एक नाव सांगितले होते : बोधिसेन. आठव्या शतकात हा भारतीय भिक्षू समुद्रमार्गे जपानला गेला, एवढेच माझ्या वहीत लिहिलेले होते आणि पुढे प्रश्नचिन्ह. दिवाळीच्या सुटीत त्या प्रश्नचिन्हाचा पाठपुरावा करताना मी 'गागाकू' या शब्दापाशी येऊन पोचले. गागाकू म्हणजे जपानच्या राजदरबाराचे संगीत. मोबाइलवर त्याचे ध्वनिमुद्रण लावले आणि पहिल्या दोन मिनिटांतच मला वाटले, यंत्रात काहीतरी बिघाड आहे. एक स्वर संपतच नव्हता.

ओटीवर आबा, म्हणजे माझे आजोबा, बसले होते. त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "ही पत्ती हाय. पन वाजवनारा घाईत न्हाई."

आबांनी आयुष्यभर सनई वाजवली. देवळात पहाटे आणि लग्नसराईत मांडवाच्या दारात. त्यामुळे ताडाच्या पानाची पत्ती ओठांत धरून काढलेला आवाज त्यांना न सांगता ओळखू येतो. ते बरोबरच होते. ज्या वाद्याचा तो आवाज होता त्याचे नाव हिचिरिकी. बांबूचे, वीतभरही लांब नसलेले हे वाद्य. पुढे सात आणि मागे दोन छिद्रे, आणि तोंडाला दुहेरी पत्ती. एवढ्याशा नळीतून आवाज मात्र असा निघतो की सगळा वाद्यवृंद त्याच्या मागून चालतो. हजार वर्षांपूर्वीच्या सेई शोनागोन या दरबारी लेखिकेला तो जवळून सहन होत नसे. तिने त्याला किरकिऱ्या कीटकाची उपमा दिली आहे. आबांना हे मी सांगितले नाही.

आता थोडे मुळाशी जाऊ. 'गागाकू'चा अर्थ शिष्ट किंवा सुसंस्कृत संगीत. हे संगीत एका देशाचे नाही. चीनमधून आलेल्या रचनांना तोगाकू म्हणतात, कोरियाकडून आलेल्यांना कोमागाकू, आणि जपानची स्वतःची देवगाणी वेगळी. ७०१ साली जपानच्या नव्या कायद्याने दरबारात संगीताचे एक स्वतंत्र खातेच उघडले. पुढे ७५२ मध्ये नारा येथील तोदाइजी मंदिरात बुद्धाच्या प्रचंड कांस्यमूर्तीचे नेत्रोन्मीलन झाले. मूर्तीचे डोळे रंगवणारा हात बोधिसेनाचा होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या व जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे पुण्यात सर्वांचा वाटा. तो कुंचला नारा येथील शोसोइन या भांडारात अजून जपलेला आहे. त्या दिवशी अनेक देशांची नृत्ये व वाद्ये वाजली. बोधिसेन आणि त्याच्याबरोबर चंपा देशातून (म्हणजे आजच्या व्हिएतनाममधून) आलेला एक भिक्षू यांनी काही नृत्ये जपानला नेली, असे परंपरा सांगते. त्यांतल्या एकाचे नाव कार्योबिन. हा आपला 'कलविंक' शब्द! चार मुले पाठीला पिसांचे पंख बांधून, हातात लहान झांजा घेऊन, स्वर्गातल्या पक्ष्याचे नृत्य करतात. आपल्याकडे कलविंक आज कोशातच सापडतो. तिकडे तो अजून नाचतो आहे.

नृत्यासह होणाऱ्या या संगीताला बुगाकू म्हणतात. 'डावी' नृत्ये चिनी वळणाची व तांबड्या पोशाखातली, 'उजवी' कोरियन वळणाची व हिरव्या पोशाखातली. रान्योओ या प्रसिद्ध नृत्यामागची कथा अशी, की एक राजपुत्र इतका देखणा होता की सैन्याला त्याची भीतीच वाटेना. म्हणून तो भयंकर मुखवटा घालून लढाईवर जाई.

वाद्यांत मला सर्वांत नवल वाटले ते 'शो'चे. सतरा बारीक बांबूनळ्या एकत्र बांधलेल्या, मिटलेल्या पंखांच्या पक्ष्यासारखा आकार. त्यांतल्या पंधराच वाजतात. श्वास आत घेताना आणि बाहेर सोडतानाही स्वर येतो, म्हणून तो तुटत नाही. सनईच्या जोडीला एकजण नुसता सूर धरून बसतो ना, तसेच काहीसे. फक्त येथे एकावेळी पाच-सहा स्वरांचा सूर धरलेला असतो. नळ्यांच्या आत धातूची मोकळी थरथरणारी पट्टी असते आणि हेच तत्त्व आपल्या भजनातल्या पेटीत आहे. शोचे चिनी भावंड अठराव्या शतकात युरोपात पोचले, तेथे त्यावरून नवी वाद्ये निघाली, आणि त्यांतूनच पेटी आली, असे अभ्यासक मानतात. श्वासातल्या ओलाव्याने या पट्ट्या बिघडतात, म्हणून वादक शेजारी निखाऱ्याची शेगडी (हल्ली विजेची) ठेवतो आणि वाजवण्याआधी व मध्ये मध्ये वाद्य शेकून घेतो.

वृंदाला हात हलवणारा संचालक नाही. काक्को नावाचा लहान ढोल वाजवणारा सर्वांना नेतो. शिकण्याची रीत मुखाची. आधी स्वराक्षरे तोंडाने गाऊन पाठ करायची, वाद्य नंतर हातात मिळते. आबाही असेच शिकले. अक्षरओळख नसताना त्यांना चाली पाठ होत्या.

पण मला वाटलेला तो 'बिघाड', म्हणजे ती संथ गती, मूळची आहे का? केंब्रिजचे अभ्यासक लॉरेन्स पिकन यांनी जुन्या स्वरलिप्या तपासून असे मत मांडले, की तांग काळात या चाली कितीतरी जलद वाजत. जपानमध्ये शतकानुशतके त्या मंदावत गेल्या आणि मूळ चाल लांबलेल्या स्वरांत लपून राहिली. हे मला फार महत्त्वाचे वाटते. 'जसेच्या तसे जपले' असे आपण म्हणतो तेव्हाही वस्तू बदलतच असते.

जपणेही सोपे नव्हते. १४६७ ते १४७७ च्या ओनिन युद्धात क्योतो जळाले, वादकांची घराणी पांगली. १८७० मध्ये क्योतो, नारा आणि ओसाकाचे तेन्नोजी येथील वादकांना तोक्योत एकत्र आणले. पूर्वी ही विद्या घराण्यातच राही. आता बाहेरच्यांनाही दरबारी संगीत विभागात शिकता येते, आणि तेथे प्रत्येकाला पाश्चात्त्य वाद्यही शिकावे लागते. २००९ मध्ये युनेस्कोने गागाकूला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले.

दरबारातले सर्वांत पवित्र गायन मात्र या यादीतल्या मैफलींसारखे ऐकायला मिळत नाही. त्याचे नाव मिकागुरा. १००२ सालापासूनची परंपरा सांगतात. डिसेंबरच्या मध्यास राजवाड्यातील देवस्थानापुढे अंगणात आग पेटवतात आणि संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत गायकांचे दोन गट समोरासमोर बसून देवाला आळवतात. सोबतीला एक बासरी, हिचिरिकी, सहा तारांचे वागोन आणि लाकडी पट्ट्यांचा ठेका. प्रमुख हातात साकाकी वृक्षाची फांदी घेऊन अगदी मोजके नाचतो. प्रेक्षक देवच.

याचे मूळ ७१२ सालच्या 'कोजिकी' ग्रंथातल्या कथेत सांगतात. सूर्यदेवी आमातेरासु रुसून गुहेत शिरली, जगात अंधार झाला. तेव्हा उझुमे ही देवी पालथ्या टोपावर पाय आपटत अशी बेभान नाचली की सगळे देव खो खो हसले, आणि काय चालले आहे ते पाहायला सूर्यदेवी डोकावली. सगळी विनवणी व्यर्थ गेली आणि काम झाले ते हसण्याने!

देवळांतल्या मिको, म्हणजे पांढरे वस्त्र व तांबडा घेर ल्यालेल्या मुली, घुंगरांचा झुबका वा पंखा घेऊन नाचतात. त्यांच्या पूर्वजा अंगात येऊन कौल देत. १८७३ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. आज अनेक ठिकाणी दिसणारे 'उरायासु नो माइ' हे नृत्य तर १९४० साली बसवलेले आहे. पाहणाऱ्याला ते हजार वर्षांचे वाटते.

एक गोष्ट आबांना मी मुद्दाम वाचून दाखवली. हिचिरिकीची पत्ती ओसाकाजवळ योदो नदीकाठच्या उदोनो येथील बोरूपासून करतात. तेथे दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस वाळलेले रान जाळतात, म्हणजे नवा बोरू जोमाने येतो. कोरोनाच्या काळात ही जाळणी चुकली, वेलींनी रान झाकले आणि वाद्याचा जीवच धोक्यात आला. "रान भाजलं न्हाई तर गवत माजनारच," आबा म्हणाले. त्यांना ताडाचे पान आता नीट मिळत नाही, आणि मिळाले तरी मागणी नाही. लग्नात डीजे असतो. सनईवाले होते तेव्हाही त्यांची पंगत शेवटची. म्हणून वडिलांनी सूर धरणे सोडले व मला कॉलेजात घातले. मुलगी म्हणून मला सनई कोणी शिकवली नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ती लाजेची वाटे. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात मायुमी मियाता या बाईंनी शो वाजवला, हे वाचले तेव्हा मी ते पान दोनदा वाचले.

पत्ती मऊ व्हावी म्हणून जपानी वादक ती गरम हिरव्या चहात भिजवतात, हेही मी आबांना सांगितले. "दूध घालून?" त्यांनी विचारले. मग उठून त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, डबीतली एक पत्ती निवडली आणि माझ्या पुढ्यात धरली. "आधी तोंडात ओली कर. फुकू नगंस इतक्यात."

मी केली. चव लाकडासारखी होती.